दुसरं दार बघणाऱ्या अक्का

कुठल्याही खोलीत शिरलं की अक्का आधी दुसरं दार शोधायच्या. यजमान "या, बसा" म्हणत असायचे आणि अक्का उंबऱ्यातच उभ्या राहून त्यांच्या खांद्यावरून मागे बघत असायच्या. दुसरं दार दिसलं की चेहरा सैल व्हायचा, चपला निघायच्या, मुलाबाळांची चौकशी सुरू व्हायची. दार नसलं तर खिडकी. खिडकीला गज असले तर त्या घरात अक्का कॉफीसुद्धा घाईघाईने प्यायच्या, आणि तीही आल्या दाराजवळच्या खुर्चीवर अर्धवट टेकून.

माझं लग्न जयनगरच्या एका कल्याण मंटपात झालं. अक्षता पडल्या, लोक आशीर्वाद देऊन पंगतीकडे वळू लागले, तरी अक्कांचा पत्ता नाही. सकाळी त्यांना येताना तर मी पाहिलं होतं. शेवटी आल्या त्या पदराला हात पुसत. मुदपाकखान्यामागच्या दाराला कुलूप होतं आणि पुढे खुर्च्यांची चळत रचलेली होती. अक्कांनी मॅनेजरला गाठून किल्ली आणवली, खुर्च्या हलवायला लावल्या, दार दोनदा उघडून-मिटून बघितलं आणि मग त्या मला आशीर्वाद द्यायला आल्या. "आता सुखाने नांदा," म्हणाल्या. माझे वडील निपाणीहून आलेले. त्यांनी हळूच विचारलं, "ह्या बाई कोण?" मी म्हटलं, "माझ्या साहेब." वडील म्हणाले, "लग्नाला आल्यात का धाड घालायला?"

अक्का गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. अजूनही कोणाच्या घरी गेलो की माझी नजर आधी मागे जाते, आणि बायको मला कोपराने ढोसते.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात बाटल्या भरायची, झाकणं लावायची, खोकी बांधायची यंत्रं बनतात. त्या यंत्रांनी माणसाला इजा करू नये हे बघायचं काम अक्कांचं. चाकांवर जाळी कुठे हवी, झाकण उघडलं की मशीन आपोआप थांबतं का, थांबवायचं लाल बटण हाताशी आहे का, हे त्या तपासायच्या आणि त्यांची सही झाल्याशिवाय मशीन दाराबाहेर पडायचं नाही. घरच्या मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या चामराजपेटेत राहिलेल्या. भाऊ-वहिनींच्या घरात वरच्या मजल्यावर एकट्या असायच्या. आमच्याकडचे कन्नड, तमिळ, तेलुगू सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. मी सीमाभागातला, मला दोन्ही भाषा येतात, म्हणून मी त्यांचा 'तम्मा', धाकटा भाऊ, झालो. "तम्मा, ऊट झालं का? मग स्वल्प इकडे ये," अशी हाक आली की जेवलेलं घशाशी यायचं, कारण आपल्या ड्रॉइंगमध्ये काहीतरी निघालेलं असायचं.

अक्का कधी चूक दाखवायच्या नाहीत. फक्त विचारायच्या. "माणसाने इथे हात घातला. आणि मग?" मी म्हणायचो, जाळी आहे. "जाळी साफ करायला काढली. आणि मग?" जाळी काढली तर मशीन थांबतं. "थांबलं. दुसऱ्याने पलीकडून चालू केलं. आणि मग?" असं करत करत त्या आपल्याला कड्याच्या टोकापर्यंत नेऊन उभं करायच्या आणि तिथे गप्प बसायच्या. नव्या मुलांना त्यांचा राग यायचा. मलाही यायचा. पण रात्री अंथरुणावर पडलं की तो 'आणि मग' डोक्यात फिरायला लागायचा, आणि सकाळी मी मुकाट्याने ड्रॉइंग बदलायचो.

त्यांचा दुसरा नियम लाल बटणाचा. "शंका आली की बंद. कारण नंतर." ह्या नियमाची सवय लागावी म्हणून त्या टाळी वाजवायच्या. आपण चालू मशीनपाशी कामात असावं, आणि अचानक मागून टाळी. त्या क्षणी हात लाल बटणावर पडला पाहिजे. जो आधी वळून बघेल त्याने त्या दिवशी सगळ्यांना कॉफी आणून द्यायची. पहिल्या वर्षी मी इतकी कॉफी वाहिली की कोपऱ्यावरचा दर्शिनी हॉटेलवाला मला दुरून बघूनच पेले मांडायचा. पुढे मात्र हात तयार झाला. इतका की घरी कुकरची शिट्टी झाली आणि माझा तळवा ओट्यावर आपटला. बायको कितीतरी वेळ हसत होती.

ह्या टाळीमागचं कारण अक्कांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या पहिल्या नोकरीत, पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणाऱ्या एका माणसाची दोन बोटं त्यांच्यादेखत गेली. बटण अक्कांच्या बाजूला होतं. "मी ओरडले रे," त्या म्हणाल्या. "ओरडण्यात वेळ गेला. आधी हात जायला पाहिजे होता." एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि मला अर्धी चपाती दिली.

मग आमच्या मालकांनी, प्रभुसरांनी, एक वेगळीच ऑर्डर आणली. पूर्व किनाऱ्यावर एक गॅस भरण्याचा प्रकल्प होता. तिथे भरलेले सिलिंडर पट्ट्यावरून एकामागे एक येणार, एका पत्र्याच्या केबिनमध्ये शिरणार, आणि आत प्रत्येकाच्या तोंडाशी गळती आहे का ते तपासलं जाणार. पट्टा आमच्या ओळखीचा, जाळ्या ओळखीच्या, बटणं ओळखीची. बाटलीऐवजी सिलिंडर, एवढाच फरक आहे असं सगळ्यांना वाटलं. प्रभुसरांनी पेढे वाटले. अक्कांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "गळका निघाला. आणि मग?"

"बाजूला काढायचा," सर म्हणाले.

"काढेपर्यंत?"

"केबिनच्या खाली पंखा आहे, तो गॅस बाहेर ओढतो. अक्का, पेढा खा आधी."

त्या दिवसापासून अक्कांच्या टेबलावर एकाऐवजी दोन पुस्तकं दिसू लागली. एक नेहमीचं, यंत्रांच्या सुरक्षेचं मानक, पानं मऊ झालेलं. दुसरं तेल आणि वायूच्या कामांसाठीचं, कोरं. आमच्या पुस्तकात संकट मशीनमधून येतं, चाकातून, पात्यातून, पट्ट्यातून. ते थांबवलं की संकट टळलं. दुसऱ्या पुस्तकात संकट हवेत असतं. अक्का एक बोट ह्या पानावर, एक त्या पानावर ठेवून तासन्‌तास बसायच्या. डबा तसाच घरी परत जायचा. वहिनींनी मला फोन करून विचारलं, "ऑफिसात काही झालंय का रे? अक्का झोपत नाहीत." मी म्हटलं, नवीन काम आहे, होईल सुरळीत. मला खरंच तसं वाटत होतं. शिवाय ते मशीन तिकडे जाऊन सुरू करून द्यायला मीच जाणार होतो, त्यामुळे तसं वाटून घेणं भाग होतं.

बारीकसारीक बदल त्यांनी आधीच करून घेतले होते. केबिनच्या तळाचा पत्रा काढून तिथे जाळी बसवली, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो. जाळीची भोकं बोट जाणार नाही इतकी लहान आणि गॅस जाईल इतकी मोठी हवी होती. त्यावर आठवडा गेला. पंख्याची मोटर ठिणगी बाहेर पडू न देणाऱ्या जाड कवचातली घेतली. बटण मोठं केलं, कारण तिकडची माणसं जाड हातमोजे घालतात. आमचा फोरमन म्हणाला, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. अक्का हसल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

मशीन उभं राहिलं तेव्हा चाचणीसाठी खरा गॅस वापरणं शक्य नव्हतं. अक्कांनी आइस्क्रीमवाल्याकडून कोरडा बर्फ आणवला. तो कोमट पाण्याच्या बादलीत टाकला की पांढरं दाट धुकं निघतं आणि वर न जाता जमिनीवर सांडतं. बादली केबिनमध्ये ठेवली. पंखा लावला. सगळं धुकं खालच्या जाळीतून ओढलं जाऊन नळीवाटे शेडबाहेर पडू लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रभुसरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

आणि त्या आनंदात, सवयीने, अक्कांनी ती एक टाळी वाजवली. त्यांची नेहमीची.

माझा हात बटणावर गेला. पट्टा थांबला, गळती तपासणारा भाग थांबला, दिवे गेले, आणि पंखाही थांबला. आमचं प्रत्येक मशीन असंच होतं. एक बटण, सगळं गप्प. आम्हाला त्याचा अभिमान होता. शेड शांत झाली आणि बादलीतलं धुकं मात्र निघतच राहिलं. केबिनमध्ये ते गुडघाभर साठलं, मग सिलिंडर शिरायच्या तोंडातून बाहेर आलं, माझ्या बुटांवरून गेलं, अक्कांच्या साडीच्या काठापर्यंत पोचलं. कोणी हललं नाही. मशीन थांबलं होतं, पण गळती थांबली नव्हती. आणि तो गॅस बाहेर नेणारी एकमेव वस्तू मी माझ्या हाताने बंद केली होती.

अक्का खाली बघत होत्या. "आणि मग?" त्या म्हणाल्या, पण आम्हाला विचारल्यासारखं नाही.

प्रभुसर वाईट माणूस नव्हते. मशीन पाठवायची तारीख तोंडावर आली होती आणि तारांची सगळी जोडणी पुन्हा करायची म्हणजे घोडं तिथेच अडणार होतं. ते म्हणाले, "एक पाटी लावू. गळती असताना लाल बटण दाबू नये. आणि अक्का, तुम्ही ह्यांना दाबायला शिकवलंत, तसं न दाबायलाही शिकवा." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. अक्का म्हणाल्या, "सरी," म्हणजे ठीक आहे. "बघू शिकवून."

पुढचे काही दिवस रोज तोच खेळ. बादली, धुकं, मी मशीनपाशी. अक्का मागे. मला आधी बजावलेलं असायचं की आज दाबायचं नाही. तरी टाळी वाजली की हात गेलेलाच. एकदा मी हात खिशात घालून उभा राहिलो, तर टाळीसरशी तो खिशातून निघून बटणावर पोचला आणि खिसा उसवला. बाकीचे पोट धरून हसले. मीही हसलो, आणि अक्कांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तम्मा, तुझा हात माझं ऐकून बसलाय," त्या म्हणाल्या. "आता माझंच ऐकत नाही. तिकडे तर मी नसणार."

त्या दिवशी त्यांनी सही करणार नाही म्हणून सांगितलं. प्रभुसर चिडले. म्हणाले, पाटी आहे, प्रशिक्षण आहे, अजून काय पाहिजे? अक्का हळू आवाजात बोलायच्या, तशाच बोलल्या. "सर, घाबरलेला माणूस पाटी वाचत नाही. घरी गॅसचा वास आला तर आपण काय करतो? बटणांना हात लावत नाही, दारं-खिडक्या उघडतो. आणि मी ह्या मशीनमध्ये काय केलंय? माणूस घाबरला की खिडकी बंद होईल अशी सोय केली. ती मी केलीय. वीस वर्षं मीच सगळ्यांना सांगत आले, बंद म्हणजे सुखरूप. ते इथे खरं नाही."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मशीन शेडमध्ये झाकून ठेवलेलं. तिकडून फोनवर फोन. कारखान्यात कुजबुज, की म्हातारीचं डोकं फिरलं, ऑर्डर हातची जाणार. ज्यांना अक्कांनी काम शिकवलं ते त्यांच्याबरोबर कॉफीला यायचे थांबले. अक्कांनाही खात्री नव्हती, हेच सगळ्यात अवघड होतं. एका दुपारी त्या मला म्हणाल्या, "माझंच चुकत असेल तर रे? कधी गळणार नाही, कधी कोणी दाबणार नाही, आणि मी मात्र सगळ्यांच्या पोटावर पाय दिला असं व्हायचं." मला मशीन लवकर जायला हवं होतं, आणि त्या मशीनपाशी उभं राहायची भीतीही वाटत होती. एकाच वेळी दोन्ही.

शेवटी प्रभुसर एकटे शेडमध्ये गेले, बादलीत बर्फ टाकला आणि स्वतःच बटण दाबून उभे राहिले. धुकं त्यांच्या गुडघ्यापर्यंत आल्यावर बाहेर आले आणि म्हणाले, "तोडा जोडणी."

पंख्याची वीज वेगळी केली. लाल बटण दाबलं की पट्टा थांबेल, सगळं थांबेल, पंखा मात्र चालूच राहील. त्याच्याभोवती स्वतंत्र जाळी, म्हणजे चालत्या पंख्यात कोणाची बोटं जाऊ नयेत. ह्या सगळ्यात तारीख उलटून गेली. तिकडच्या लोकांनी बरंच सुनावलं. मग अक्कांनी सही केली.

मी निघालो त्या दिवशी त्या यशवंतपूर स्टेशनवर आल्या. हातात दहीभाताचा डबा. नीट जा, जप, असलं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "गेल्यावर आधी वारा कुठून येतो ते बघ. मग दुसरं दार बघ. मग मशीन." गाडी हलली तरी त्या फलाटावर उभ्या होत्या, आणि माझ्या डब्याचं पलीकडचं दार उघडं आहे का ते वाकून बघत होत्या.

मशीन सुरू झालं. पहिले काही दिवस नीट गेले. मग एका दुपारी मी केबिनच्या बाजूला वाकून पट्टा सरळ करत होतो आणि आत फस्स असा आवाज झाला. एका सिलिंडरचा वॉल्व्ह सुटला होता. गळतीचा भोंगा वाजायला लागला. पाटी समोरच होती, तीन भाषांत. गळती असताना बटण दाबू नये. मीच ती ठोकली होती, प्रभुसरांनी जोडणी बदलूनही हट्टाने सोबत दिली होती म्हणून. मला ती दिसली नाही. काहीच दिसलं नाही. हात बटणावर पडला होता.

पट्टा थांबला. सगळं शांत झालं. मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. आणि मग त्या शांततेत पायाशी पंख्याची घरघर ऐकू आली. तो चालू होता. मी आणि माझ्याबरोबरचे दोघे वारा येत होता त्या बाजूच्या दाराने बाहेर पडलो. ते दार मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. बाहेर पडल्यावर मी जमिनीवर बसलो. तिकडच्या माणसांनी सिलिंडर मोकळ्यावर नेला, आणि कोणाला काही झालं नाही.

संध्याकाळी अक्कांना फोन केला. सगळं सांगितलं आणि मग म्हटलं, "अक्का, मी बटण दाबलं."

"दाबणारच," त्या म्हणाल्या. "म्हणून तर." मग विचारलं, "पंख्याचा आवाज कसा होता? सरळ होता ना? घासत नव्हता?"

पुढे दोन वर्षांनी अक्का निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आजारी पडल्या. कारखान्यात आता मी सही करतो. नव्या मुलांच्या मागे टाळीही वाजवतो. हात बटणावर गेला की शाबासकी देतो आणि मग विचारतो, आणि मग? काही तोंड वाकडं करतात. करू देत.

मी त्यांना शेवटचा भेटलो तो चामराजपेटेजवळच्या एका इस्पितळात. वहिनींनी सांगितलं होतं की ओळखतील की नाही सांगता येत नाही, आणि दिवसरात्र टक्क जाग्या असतात, डोळा म्हणून लागत नाही. मी खोलीच्या उंबऱ्यात थांबलो. अक्का पलंगावरून माझ्याकडेच बघत होत्या. खूप वाळल्या होत्या. उठून मागे बघणं आता त्यांच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

"तम्मा, बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितलं, अक्का. तुमच्या उशामागे आहे. गॅलरीत उघडतं. कुलूप नाही."

"उघडून बघितलंस?"

मी पलंगाला वळसा घालून गेलो, कडी काढली आणि दार पूर्ण उघडलं. बाहेरून रस्त्यावरच्या बसचा आवाज आत आला, आणि थोडा वारा.

"सरी," अक्का म्हणाल्या, आणि त्यांना झोप लागली.